बिलाचा पैसा बारा महिने कसा पुरवावा



या पत्रिकेत आम्ही नेहमी बेणे, खते, पाणी आणि खोडव्याची निगा यांवर लिहीत आलो आहोत. या अंकात घरखर्चावर लिहिणार म्हटल्यावर आमच्या ऑफिसातच हशा झाला. "साहेब आता तिखट-मिठाचा हिशेब सांगणार," असे एक ओव्हरसियर म्हणाले. हसू द्या. पण प्लॉट पाहणीला फिरताना एक गोष्ट आमच्या पक्की ध्यानात आली आहे, की उसाचे टनेज पुष्कळदा रानात घटत नाही, ते घरात घटते. कसे, ते सांगतो.

दोन वर्षांमागची गोष्ट. जूनचा शेवटचा आठवडा होता. एका सभासदांचा खोडवा पाहायला आम्ही गेलो होतो. नाव सांगत नाही, आपण त्यांना अण्णा म्हणू. ऊस फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तुटलेला. पाचट न जाळता सरीत ठेवलेले, बुडखे छाटलेले, पहिली खतमात्रा पंधरा दिवसांच्या आत पहारीने दिलेली. सगळे कसे शिफारशीबरहुकूम. दुसरी मात्रा १३५ दिवसांनी द्यायची. तो दिवस आला होता आणि खोडव्यावर पिवळी कळा होती.

"अण्णा, पोती आणली का?"

अण्णा बांधाकडे बघत म्हणाले, "आणायची हायती साहेब. जरा पैशाची वढ हाय."

आता याच अण्णांच्या खात्यावर मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सोसायटीचे कर्ज वळते होऊन, १,१८,००० रुपये जमा झाले होते. अण्णांना व्यसन नाही. पत्ते नाहीत. दारापुढे दोन म्हशी आहेत. मग साडेतीन महिन्यांत पैसे गेले कुठे?

चहाला घरी नेले. कप पुढे ठेवता ठेवता वहिनी म्हणाल्या, "पोत्याचं काय घेऊन बसलाय साहेब, पोरीच्या फीला परवा माझ्या पाटल्या गेल्या." पाटल्या गेल्या होत्या गावातच एकाकडे, ३०,००० रुपयांना, तीन टक्क्यांनी. अण्णांनी मान खाली घातली. आम्हालाही चहा गोड लागला नाही.

त्यांची मुलगी कॉलेजला जाते. तिला आम्ही म्हटले, बाई, जुन्या दिनदर्शिकेचे एक पान घे आणि मार्चपासून काय काय खर्च झाला ते आठवेल तसे लिही. तासाभरात पान भरले. दुकानदाराची मागली उधारी २६,०००. हातउसने घेतलेले परत केले ते १५,०००. मोटारसायकलचे थकलेले हप्ते १८,०००. पुतणीच्या लग्नातला आहेर आणि कपडे १४,०००. नवा मोबाईल १६,०००. विहिरीवरची मोटर जळाली, तिचे रिवायंडिंग आणि केबल ९,०००. जत्रेचे पाहुणे आणि मटण ९,०००. राहिले ११,०००, ते कुठे गेले ते तिघांपैकी कुणालाच सांगता येईना. मुलीने तिथे "वरखर्च" असे लिहिले.

हे पान आम्ही मुद्दाम मांडले आहे, कारण त्यात उधळपट्टी म्हणावी असे फारसे काही नाही. मोबाईल सोडला तर प्रत्येक खर्चाला कारण आहे. आणि पहिल्या दोन रकमा पाहा. २६ आणि १५ मिळून ४१ हजार. म्हणजे बिलाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसा बिल यायच्या आधीच खर्चून झाला होता. मार्चमध्ये आलेल्या पैशाने मागल्या वर्षीची तूरडाळ खाल्ली गेली. मग या वर्षीची डाळ पुन्हा उधारीवर, आणि ती पुढल्या बिलातून. हा फेरा एकदा सुरू झाला की एकरी साठ टन काढणाऱ्यालाही सुटत नाही.

बचतीवर वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून येते. ते बहुतेक पगारदारासाठी असते. पगारदाराला महिन्याला थोडे येते आणि त्यातले थोडे बाजूला टाकायचे असते. ऊसवाल्याचे उलटे आहे. त्याला वर्षातून एकदा, फार तर दोन-तीन हप्त्यांत, एकदम मोठी रक्कम येते आणि खर्च मात्र रोजचा असतो. आडसालीवाल्याला तर लागणीपासून सोळा-अठरा महिने वाट पाहावी लागते. म्हणून आपल्या घरची बचत रोज चहातली साखर कमी करून होत नाही. ती बिल जमा होते त्या आठवड्यात ठरते.

बिलाला उशीर होतो, हेही इथे कबूल केले पाहिजे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत आणि त्यापुढे उशीर झाला तर वर्षाला शेकडा १५ ने व्याज द्यावे लागते. प्रत्यक्षात दरवेळी तसे घडत नाही, हे सभासदांना आमच्याकडून ऐकण्याची गरज नाही. पण एवढे मात्र खरे, की उधारीवर चालणाऱ्या घराला त्या उशिराचा चटका दुप्पट बसतो.

आधी उधारीचे गणित करू. महिन्याचा किराणा ४,००० रुपये धरा. उधारीच्या गिऱ्हाइकाला दुकानदार व्याज लावत नाही, तो भाव लावतो. तेलाला चार रुपये, डाळीला सहा रुपये. शिवाय उधारीचा माणूस घासाघीस करत नाही आणि दुसऱ्या दुकानी जात नाही. शंभरामागे ५ रुपये जादा धरले, तर आठ महिन्यांत १,६०० रुपये जातात. डीएपीचे एक पोते सध्या १,३५० ला आहे. म्हणजे एक पोते दुकानदाराच्या गल्ल्यात गेले. तेच व्याजाच्या भाषेत बोलायचे तर आठ महिन्यांची ही उधारी सरासरी साडेचार महिने राहते, आणि साडेचार महिन्यांना ५ म्हणजे वर्षाला शेकडा १३ च्या वर पडले. आपलाच पैसा बचत खात्यावर ठेवला तर शेकडा अडीच-तीन मिळतात. दुकानदाराला आम्ही दोष देत नाही. त्याचेही भांडवल अडकते. पण मार्चमध्ये पैसा आल्यावर त्याच्याशी सरळ बोलावे, की यापुढे रोखीने नेणार, भाव काय लावता? भाव कमी होतो. न झाला तर तालुक्याचा बाजार आहेच.

दुसरी गोष्ट टक्क्याची. सोसायटीचा टक्का वर्षाचा असतो, सावकाराचा महिन्याचा असतो. शब्द तोच, म्हणून माणूस फसतो. "तीनच टक्के तर आहेत" म्हणत वहिनींच्या पाटल्या गेल्या, पण ३०,००० ला महिन्याचे ९०० आणि वर्षाचे १०,८०० रुपये होतात. शेकडा ३६. बँकेत तेच सोने तारण ठेवले असते तर निम्म्याहूनही कमी व्याज पडले असते. आणि ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर केंद्र व राज्याच्या सवलतीमुळे सभासदाला ते बिनव्याजी पडते. मुदत चुकली की ही सवलत गेली. तेव्हा सोसायटीच्या गटसचिवांकडून आपली फेडीची तारीख कागदावर लिहून घ्यावी, तोंडी सांगण्यावर राहू नये.

परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण गावात हे सगळ्यांना माहीत असते आणि कुणी बोलत नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली होती. त्यानंतर १९०४ मध्ये सहकारी पतपुरवठ्याचा कायदा आला, आणि १९५०-५१ मध्ये प्रवरेच्या कारखान्याचा पहिला हंगाम झाला. एवढी मजल मारून आलेल्या सभासदाच्या घरातले सोने पुन्हा महिन्याच्या तीन टक्क्याला जावे, याचे आम्हाला वाईट वाटते.

आता बिलाच्या आठवड्यात काय करावे ते सांगतो. यात शोध काही नाही, आमच्या आई गाडग्यामडक्यांत जे करत तेच बँकेत करायचे. समजा कर्ज वळते होऊन हातात १,२०,००० आले. पहिल्यांदा रानाचा पैसा वेगळा काढा. खोडव्याची दुसरी मात्रा, मजुरी, पाणीपट्टी मिळून २५,००० लागणार असतील, तर त्याची मुदतठेवीची पावती करा आणि मुदत जूनच्या मध्याची घाला. शाळा-कॉलेजच्या फीचे १५,००० दुसऱ्या पावतीत, मुदत १ जून. दिवाळीचे १०,००० तिसऱ्या पावतीत. राहिले ७०,०००. त्याच्या सात-सात हजारांच्या दहा पावत्या करा, एक महिन्याची, दोन महिन्यांची, तीन महिन्यांची, अशा चढत्या मुदतीच्या. दर महिन्याला एक पावती पिकते आणि घरात सात हजार येतात. ऊसवाल्याला असा पगार सुरू होतो. वरचा किरकोळ खर्च दुधाच्या बिलातून भागतो, कारण ते बिल बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी येते.

व्याज फार मिळेल म्हणून हे करायचे नाही. थोड्या मुदतीला व्याज थोडेच असते. खात्यावर लाख रुपये दिसले की पाहुण्यालाही ते दिसतात आणि आपल्यालाही. पावती मोडता येते, थोडे व्याज कापतात, पण त्यासाठी बँकेत जावे लागते, अर्ज द्यावा लागतो आणि तेवढ्या वाटेत माणसाचा विचार बदलतो. पावत्या नवरा-बायको दोघांच्या नावे असाव्यात असा आमचा आग्रह आहे. काही सभासदांना हे रुचणार नाही. पण आम्ही पाहिलेल्या घरांत पैसा टिकला, तो बहुतेक ठिकाणी बाईच्या सहीने टिकला.

ठेव कुठे ठेवावी, हेही लोक विचारतात. बँक, मग ती सहकारी असो वा सरकारी, बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेपुरते ५ लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी ते १ लाखच होते. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही, ते पाहून ठरवावे. पतसंस्था अर्धा-पाऊण टक्का जास्त देते, एवढ्यावर वर्षाची भाकरी तिथे ठेवू नये. पोस्टात महिन्याला १०० रुपयांपासून आवर्ती खाते निघते. ते मात्र पाच वर्षांचे असते, म्हणून मुलीच्या शिक्षणाला चांगले, वर्षाच्या खर्चाला नाही.

महिन्याच्या हप्त्याने वस्तू घेण्याबद्दल आमचे मत कडक आहे. महिन्याचा हप्ता हा पगारदारासाठी काढलेला माल आहे. ज्याला मार्चमध्ये पैसा येतो त्याने ऑगस्टच्या पाच तारखेला हप्ता कुठून भरायचा? मग दंड, मग फोन, मग हातउसने. अण्णांच्या १८,००० तली बरीच रक्कम दंडाचीच निघाली. मोटारसायकल लागतेच, हे मान्य. मग वर्षभराच्या हप्त्यांचे पैसे बिलाच्या वेळीच त्या खात्यावर टाकून ठेवावेत आणि ते खाते विसरून जावे. ट्रॅक्टर किंवा ठिबकचे कर्ज घेताना सहामाही किंवा वार्षिक हप्ता बांधून मागावा. शेतीकर्जाला बँका तसा बांधून देतात, पण मागावा लागतो.

आता थोडे आमच्या खात्यातले. आमच्या लहानपणी घरात मीठ आणि कापड सोडून फारसे विकत येत नसे. पाटाचे पाणी आले, सगळे रान उसाखाली गेले आणि घर बाजारावर गेले. आज चार एकर बागाइतीचा मालक आठवडी बाजारात दहा रुपयांची मेथीची पेंडी पिशवीत घालून आणतो. आम्हाला ते पाहवत नाही. ऊस झाकळेपर्यंत तीन महिने सरी मोकळीच असते. आडसालीत भुईमूग, सोयाबीन, चवळी घेता येते. पूर्वहंगामीत कांदा, लसूण, बटाटा, हरभरा, फ्लॉवर. सुरूत भुईमूग, मूग, मेथी, कोथिंबीर. घरापुरते म्हणून चार-सहा सऱ्या पुरेत. मका आणि ज्वारी मात्र उसात घालू नये, ती उंच वाढून उसावर सावली धरतात आणि त्याचे खतही खातात. आणखी एक, ज्या सऱ्यांत भाजी करायची तिथे उसातले तणनाशक फवारू नये. रुंद पानाचे तण मारणारे औषध मेथीला ओळखत नाही. मागे एका सभासदांनी भाजी जळाल्यावर आमच्यावरच राग काढला होता. सांगायला आम्हीच विसरलो होतो, म्हणून तो राग आम्ही ऐकून घेतला.

धान्याची बेगमी ही जुनी रीत तर ऊसवाल्यासाठीच केल्यासारखी आहे. तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते, शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये. बिलही त्याच सुमारास येते. सुगीला वर्षाचे धान्य एकदम घ्यावे, दोन कडक उन्हे द्यावीत, कडुनिंबाचा वाळला पाला घालून कोठीत भरावे. श्रावणात तेच धान्य किलो-किलोने आणणाऱ्याला पैसे जास्त पडतात आणि माल हलका मिळतो. कारखान्याची सवलतीची साखर सभासदांनी स्वतः न्यावी. कार्ड हॉटेलवाल्याला देऊन त्याच्याकडे फुकट चहा पिणारे सभासद आम्हाला माहीत आहेत. नावे छापत नाही.

विजेचे थोडक्यात सांगतो. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिटे खातो, ९ वॅटचा एलईडी दीड युनिटाच्या आत भागवतो. घरगुती बिलात १०० युनिटांपर्यंत एक दर आणि त्यापुढे बराच चढा दर असतो. म्हणून ११०-१२० युनिटांवर घुटमळणाऱ्या घराने आधी गोठ्यातला रात्रभर जळणारा दिवा बदलावा. ज्यांच्याकडे चार जनावरे आहेत त्यांनी गोबरगॅसचा विचार करावा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते आणि स्लरी पुन्हा उसालाच येते.

दुखण्याला मात्र हिशेब नसतो. घरातले माणूस दवाखान्यात आणि बाहेर सावकार, असे चित्र आम्ही पाहिले आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या आजारांवर ठरलेल्या रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. ॲडमिट करतानाच आरोग्यमित्र कुठे बसतात ते विचारावे, रेशनकार्ड बरोबर न्यावे. बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

जत्रा आणि लग्नांवर आम्ही काही बोलणार नाही. आमच्या घरच्या जत्रेलाही पाने उठतात आणि त्यावर बोलायचा आम्हाला अधिकार नाही. एवढेच, की जत्रेचा आकडा जत्रेच्या आधी ठरवून तेवढ्याची पावती करावी. पाहुणा कमी जेवत नाही आणि घरही अडत नाही.

अण्णांनी गेल्या वर्षी बिल आल्यावर तेरा पावत्या केल्या. बँकेच्या कारकुनाने कुरकुर केली, पण केल्या. दुकानदाराची उरलेली उधारी आधी मिटवली. सगळे नीट पार पडले असे नाही. सप्टेंबरमध्ये त्यांच्या वडिलांचे डोळ्याचे ऑपरेशन निघाले आणि दोन पावत्या मोडाव्या लागल्या, त्यामुळे पुढचे दोन महिने ओढाताण झाली. पण जूनमध्ये खताची पोती वेळेवर आली होती. १३५ व्या दिवशी आम्ही बांधावर होतो, पहार अण्णांच्या मुलीच्या हातात होती. पाटल्यांचे मुद्दल निम्मे फिटले आहे. उरलेले या हंगामाच्या बिलातून फेडायचे, असे वहिनींनी पावत्यांच्या यादीत सर्वांत वर लिहून ठेवले आहे.

ज्या सभासदांना बिलाची अशी वाटणी करून पाहायची असेल, त्यांनी बिल जमा झाल्याच्या आठवड्यात पासबुक घेऊन गट ऑफिसला यावे, येताना घरातल्या बाईमाणसालाही आणावे. सोमवार व गुरुवार सकाळी आम्ही असतो. मेथी-कोथिंबिरीचे बी गट ऑफिसला मिळत नाही, ते बाजारातून आणावे. कोणत्या सरीत आणि किती अंतरावर घालायचे ते लागणीची नोंद देतानाच ओव्हरसियरना विचारून घ्यावे.